गल्याथ दोरीने मोजा: मुलांना देवावरच्या भरवशाच्या गोष्टी सांगताना

आमच्या मंडळीत संडे स्कूल घेऊन मला 26 वर्षं झाली. गाव राहुरीच्या बाजूचं. वर्ग भरतो चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत, सतरंजीवर. पाच वर्षांच्या पोरापासून सातवीतल्या मुलीपर्यंत सगळी एकत्र. मदतीला नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, मेंढपाळ दाविदाने धिप्पाड गल्याथाला गोफणीने पाडलं, ही गोष्ट तर पोरांना पाठच आहे, आता त्यात नवीन काय सांगायचं?"

भीती सांगायची. शेवट आपल्याला माहीत असतो, म्हणून आपण घाईघाईने गल्याथाला दगड मारून मोकळे होतो. पोरांना गल्याथ नीट दिसलेलाच नसतो. संकटच दिसलं नाही, तर त्यातून सोडवणारा देव किती मोठा, हे कसं कळणार?

म्हणून तयारी शनिवारी रात्री करू नका. बुधवार-गुरुवारी अध्याय काढा आणि मोठ्याने दोनदा वाचा. चित्रांच्या पुस्तकातून नाही, पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच. विसरलेल्या गोष्टी तिथेच सापडतात. त्यातल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 17 वा अध्याय वाचा. शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या बाजूचा तो गल्याथ एकदाच ओरडून गेला नाही, 40 दिवस रोज सकाळ-संध्याकाळ येत होता. दावीद लढायला आलाच नव्हता. भावांसाठी भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी घेऊन आला होता. शेतावर डबा पोचवणाऱ्या आमच्या पोरांना हा दावीद लगेच ओळखीचा होतो.

आता दोरी. शास्त्रात गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे. आपल्याला फूट-इंचात जायची गरजच नाही. मोठ्या माणसाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. सुतळीवर सहा हात मोजायचे, वर एक वीत. मोजायचं काम मुलांनाच द्या. साडेनऊ फुटांच्या आसपास भरतं. मग सुतळीचं टोक छताच्या वाशाला बांधून सोडायची आणि वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराला तिच्याशेजारी उभं करायचं. मी तेव्हा काहीच बोलत नाही. पोरं वर बघतात, मग त्याच्याकडे बघतात, हसतात आणि हळूहळू हसू थांबतं. तिथून गोष्ट सुरू करा.

शौल राजा दाविदाला लढायला आपलं चिलखत घालतो, ती जागाही सोडू नका. त्याच पोराला कुणाच्या तरी वडिलांचा रेनकोट आणि हेल्मेट चढवा आणि म्हणा, चाल. तो अडखळतो. "मला याची सवय नाही" हे दाविदाचं म्हणणं मग समजावून सांगावं लागत नाही.

गोफणीचं आपल्याकडे बरं आहे, ती अजून बघायला मिळते. एका वर्षी ज्वारीची राखण करणाऱ्या एका आजोबांना मी मैदानावर बोलावलं. मुलांना मागे, चांगलं लांब बसवलं. आजोबांनी दोरीचं एक टोक बोटात अडकवलं, दुसरं मुठीत धरलं, मधल्या विणलेल्या पट्टीत खडा ठेवला, डोक्यावरून दोन-तीन फेरे दिले आणि मुठीतलं टोक सोडलं. फाट् असा आवाज झाला आणि लांबच्या धोंड्यावरचा पत्र्याचा डबा उडाला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे दाविदाला सवय होती!" हो, होती. मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल आडवं आलं होतं, ते तो शौलाला सांगतो. पण कोणी वाचवलं म्हणतो? परमेश्वराने. भरवसा म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मला त्या डब्याने जितकं सोपं करून दिलं, तितकं कुठल्या प्रवचनाने दिलं नाही. (खोलीत मात्र कागदाचे बोळेच. एकदा ट्यूबलाइट गेली, भरून मी दिली.)

इथे एक घसरायची जागा आहे. "तुम्हीही दाविदासारखे शूर व्हा" म्हणून गोष्ट संपवू नका. दावीद स्वतः म्हणतो की लढाई परमेश्वराची आहे. शूरपणाचं कौतुक करून सोडलं, तर जो पोरगा मुळात भित्रा आहे, तो मनात म्हणतो, मग ही गोष्ट माझी नाही. त्याला गिदोन द्या, शास्ते 6 आणि 7. शत्रूच्या भीतीने द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडणारा माणूस. त्यालाच देव लढायला पाठवतो. त्याच्या सैन्याचं गणित फळ्यावर मांडा: 32,000 आले, 22,000 घाबरून घरी गेले, उरले 10,000, पाणी कसं पितात यावरून पारख झाली आणि शेवटी 300. वजाबाकी मुलांना करू द्या. "देव माणसं कमी का करतोय?" हा प्रश्न तुम्ही विचारू नका, तो त्यांच्यातूनच येतो.

माझी एक मोठी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी सरळ सांगायचे, प्रार्थना केली की देव ऐकतोच, मागितलं ते देतोच. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आजारी होते. सगळ्या मुलांनी मिळून तीन रविवार प्रार्थना केली. आजोबा गेले. चौथ्या रविवारी ती शेवटच्या रांगेत बसली आणि प्रार्थनेत तिने डोळे मिटले नाहीत. मी तिला काही सांगू शकले नाही. त्या आठवड्यात मी दानीएल 3 पुन्हा वाचला. राजाचा हुकूम असतो, माझ्या मूर्तीला नमन करा, नाहीतर जळत्या भट्टीत टाकीन. शद्रख, मेशख, अबेदनगो हे तिघे त्याला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" मी तोवर दरवेळी गाळत आले होते. आता भट्टी सातपट तापवण्याआधी मी तिथे थांबते आणि ते वाक्य मुलांकडून म्हणून घेते. पुढे भट्टीत चौथा जण दिसतो, तो आगीच्या आत त्यांच्याबरोबर चालताना दिसतो, हेही दाखवते. लहान मुलांना हे जड जाईल असं वाटतं, पण जात नाही. घरात दुःख बघितलेल्या पोराला तर मुळीच नाही.

कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा दुसऱ्या दैवताच्या संदेष्ट्यांना हरवतो, ती गोष्ट मी लहान मुलं असताना घेत नाही. आग पडते, पोरांना मजा वाटते, पण शेवटची कत्तल गाळावी लागते. शिवाय एलीया त्यांची थट्टा करतो, ते ऐकून सोमवारी ही पोरं शाळेत ज्यांच्या शेजारी बसतात, त्यांच्या देवाची टिंगल करायला लागतात. तसं एकदा झालं आणि मी हेडबाईंपुढे मान खाली घालून उभी राहिले. त्याऐवजी आधीचाच अध्याय घ्या, 1 राजे 17. दुष्काळ, सारफथची विधवा, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. नगर जिल्ह्यातल्या मुलांना दुष्काळ शिकवावा लागत नाही, टँकरची रांग त्यांनी पाहिलेली असते. खरं मडकं आणा, तळाशी मूठभरच पीठ ठेवा आणि प्रत्येकाला आत डोकावू द्या. मग विचारा, यातून भाकरी किती होतील? मुली बरोबर सांगतात: एक, फार तर दीड. आणि तीही पहिल्यांदा परक्या माणसाला, एलीयाला, द्यायची! शेवटी मडकं भरलेलं दाखवायचा मोह टाळा. भांडं भरून वाहिलं असं शास्त्र म्हणत नाही, पीठ सरलं नाही म्हणतं. रोज तेवढंच, पण रोज.

पाठांतराला एकच वचन, तेही महिनाभर. मी बहुतेक स्तोत्र 56 मधलं तिसरं घेते: भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटणारच नाही असं त्यात नाही, म्हणून ते मला आवडतं.

वादळाची गोष्ट (मार्क 4) मी वर्षाच्या शेवटी ठेवते, कारण ती सगळ्यांनी मिळून करायची आहे. येशू आणि शिष्य होडीत असतात, वादळ उठतं, येशू झोपलेला असतो आणि शिष्य ओरडून त्याला उठवतात. सतरंजी म्हणजे होडी. चौघांनी निळ्या साडीचे चार कोपरे धरायचे, आधी हळू, मग जोरात. खिडक्या लावा, पत्र्यावर बाहेरून कुणाला तरी बोटं वाजवायला सांगा, ओल्या हाताने चार थेंब उडवा. आधी एवढं सांगा की गालील समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं तळंच, लांबी जेमतेम 21 किलोमीटर. आमची पोरं म्हणतात, आपलं मुळा धरण. पण ते सखल जागी आहे, भोवती डोंगर आहेत आणि वारा वरून एकदम खाली उतरतो. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे शिष्य तर कोळीच होते. पाण्यावर वाढलेली माणसं ओरडली, म्हणजे वादळ साधं नव्हतं.

येशूचं "उगा राहा, शांत हो" म्हटलं की साडी जमिनीवर टेकली पाहिजे. मनात वीस मोजा. कितीही अवघड वाटलं तरी मध्ये बोलू नका. मग विचारा, आता शिष्यांना कसं वाटलं असेल? पोरं म्हणतात, बरं वाटलं. तेव्हा 41 वं वचन वाचा: ते फार भ्याले आणि एकमेकांना विचारू लागले, हा आहे तरी कोण? वादळ गेल्यावर भ्याले! मोठी मुलं इथे गप्प होतात. त्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका, पुढच्या रविवारपर्यंत राहू द्या.

छोट्यांचा प्रश्न मात्र दरवर्षी वेगळाच असतो. "बाई, येशू खरंच झोपला होता, का झोपेचं सोंग घेत होता?" मी सांगते, खरंच झोपला होता. दिवसभर होडीत बसून लोकांना शिकवत होता ना? तुम्हा वीस जणांना तासभर शिकवून मी घरी गेले की बघा, उशीसुद्धा लागत नाही.