बीएस्सी नर्सिंगला ॲडमिशन आणि पहिलं सेमिस्टर: "ताई, काय काय लागतं?" याचं एकदाचं उत्तर

बारावीचा रिझल्ट लागला की दरवर्षी माझा फोन गरम. मावसबहिणीची मैत्रीण, गावातल्या सरांची पुतणी, कोण कुठली ओळख काढून विचारतात, ताई नर्सिंगला कसं जायचं, सीईटी असते का, डोनेशन लागतं का, इंग्लिश लय अवघड असतं का. आणि मी ड्युटीवरून येऊन पाय वर करून बसलेली असते आणि तासभर तेच तेच सांगते. म्हणून एकदाच टाईप करून ठेवतेय, इथून पुढे सरळ हीच लिंक पाठवणार. मी स्वतः झेडपीच्या शाळेतली, दहावीपर्यंत पक्की मराठी मीडियम, घरात माझ्याआधी दवाखान्यात कोणी गेलं असेल तर ते पेशंट म्हणूनच, त्यामुळे मला जे जे अडलं ते सगळं यात आहे.

आधी कोर्स नीट समजून घ्या कारण अर्ध्या लोकांना "नर्सिंग" म्हणजे एकच काहीतरी वाटतं. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाईफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं म्हणजे आठ सेमिस्टर. बीएस्सीला बारावी सायन्सच पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून ४५ टक्के (एससी-एसटीला ४०) आणि इंग्लिश पास, आणि ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी नाराज व्हायचं काम नाही, जीएनएमला कुठल्याही साईडची बारावी चालते, आणि जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सीची डिग्री मिळवता येते, माझ्या वॉर्डातल्या दोन सिनियर सिस्टर तशाच आल्यात आणि खरं सांगायचं तर हाताला त्या आमच्यापेक्षा भारी आहेत.

बीएस्सीसाठी आपल्याकडे राज्याच्या सीईटी सेलची वेगळी नर्सिंग सीईटी असते, इंजिनिअरिंग-फार्मसीवाली एमएचटी-सीईटी नाही, हा गोंधळ दरवर्षी कोणी ना कोणी करतंच. पॅटर्न सोपा आहे, १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश, नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. आता गणित करा, इंग्लिश आणि ॲप्टिट्यूड मिळून ४० मार्क होतात आणि पोरं क्लास लावतात फिजिक्सचा! फिजिक्स सोडा असं म्हणत नाही, पण ज्याचं फिजिक्स कच्चं आहे त्यानं रोज अर्धा तास इंग्लिश ग्रामर केलं तर त्याच वेळेत जास्त मार्क पडतील. आणि निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन टाका. नागपूर एम्सच्या बीएस्सी नर्सिंगसाठी एम्सची स्वतःची एन्ट्रन्स असते, आणि पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजमधून मिलिटरी नर्सिंगला जायचं असेल तर मेडिकलवाली नीट परीक्षा द्यावी लागते आणि ते फक्त मुलींसाठी आहे. फॉर्मच्या तारखा सीईटी सेलच्या वेबसाईटवरच बघायच्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका.

आता कागदपत्रं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण मार्क कमी पडून सीट गेलेल्या मुली मी पाहिल्यात तशा कागद नाही म्हणून सीट गेलेल्या पण पाहिल्यात, आणि दुसरं जास्त वाईट वाटतं. कॅटेगरीतून फॉर्म भरणार असाल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, कास्ट व्हॅलिडिटी लागते आणि ती अकरावी-बारावीत असतानाच ज्युनियर कॉलेजमार्फत टाकायची, रिझल्टनंतर पळापळ करून ती वेळेत हातात येईल याची काही गॅरंटी नाही. ओबीसी, व्हीजेएनटी वगैरेंना नॉन क्रिमीलेअर लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे गेल्या वर्षी भावाबरोबर काढलेलं आहे ना घरात, असं म्हणून निवांत बसू नका, तारीख वाचा. बाकी दहावी-बारावीचं मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, आधार, मेडिकल फिटनेस, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. आणि नाव! माझ्या आधारवर वडिलांच्या नावात एक एच जास्त होता, मार्कशीटवर नव्हता. एवढ्याशा एचसाठी मी आणि पप्पा तीन वेळा तालुक्याला गेलो, एकदा तर सर्व्हर डाऊन म्हणून तसेच परत आलो, उन्हात, एसटी पण लेट. तुम्ही आज रात्रीच सगळे कागद समोर ठेवून स्पेलिंग जुळवून बघा.

कॅप राऊंडला (म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) प्रेफरन्स भरताना सरकारी कॉलेज वर ठेवा हे सगळेच सांगतात, मी अजून एक सांगते, कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात पेशंट आहेत का ते बघा. जेजे किंवा नागपूर जीएमसीसारख्या ठिकाणी वॉर्ड भरलेले असतात, शिकायला मिळतं. काही प्रायव्हेट कॉलेजची बिल्डिंग काचेची असते आणि क्लिनिकलसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामासाठी, पोरींना दीड तास बसने दुसरीकडे पाठवतात. शक्य असेल तर एकदा जाऊन बघा, ऑफिसात विचारू नका, गेटबाहेरच्या चहावाल्याकडे उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या मुलींना विचारा. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का हे आधी तपासा. "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" असं एजंट म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

फीचं एक, २०२४ च्या सरकारी निर्णयानुसार कॅपमधून ॲडमिशन घेतलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र आपलाच, तो आधी विचारून घ्या.

झालं, ॲडमिशन झालं, पांढरे शूज घेतले, आईनं लाडू दिले, आता पहिलं सेमिस्टर.

विषय असे, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, ॲप्लाईड ॲनाटॉमी, ॲप्लाईड फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन वन. यात एक गंमत आहे जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. विद्यापीठाचे पेपर फक्त दोन असतात, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी मिळून एक ७५ मार्कांचा आणि सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी मिळून एक ७५ चा. इंग्लिशची परीक्षा कॉलेजच घेतं. आणि फाउंडेशनचा पहिल्या सेमला विद्यापीठाचा पेपरच नाही, नुसते इंटर्नल, तेही पुढच्या सेमच्या फाउंडेशनमध्ये मिळवले जातात. मग पोरी काय करतात, पेपर नाही ना, म्हणून फाउंडेशन बाजूला टाकतात. पण टाईमटेबलचे तास बघा, ॲनाटॉमीला ६० तास, आणि फाउंडेशनला थिअरी १२०, लॅब ८०, क्लिनिकल १६०! ज्याचा पेपर नाही त्यालाच सगळ्यात जास्त तास दिलेत, कारण नर्स तिथंच तयार होते. आमच्या बॅचमध्ये ॲनाटॉमीत टॉप केलेली मुलगी सेकंड सेमला पेशंटची कूस बदलताना रडकुंडीला आली होती.

इंग्लिशची भीती आधी घालवू. पहिल्या आठवड्यात मॅडम बोलत होत्या आणि मला फक्त "ओके स्टुडंट्स?" एवढंच कळत होतं, बाथरूममध्ये जाऊन रडले पण. मग लायब्ररीतल्या एका सिनियरनं युक्ती दिली, पूर्ण शब्द पाठ करू नको, तुकडे पाठ कर. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, हायपर जास्त, हायपो कमी, आयटिस आलं की सूज, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टॉमी म्हणजे छिद्र पाडून वाट करणं. कार्डि हृदय, नेफ्र किडनी, हेपॅट लिव्हर. आता टॅकीकार्डिया, नेफ्रायटिस, अपेंडिसेक्टॉमी, ट्रॅकिऑस्टॉमी वाचा, आपोआप फुटतात की नाही? असे साठ-सत्तर तुकडे एका छोट्या डायरीत लिहा, ॲप्रनच्या खिशात ठेवा, मेसच्या लाईनीत वाचा. आपल्याला प्लीहा, स्वादुपिंड माहिती असतं, फक्त त्याचं स्प्लीन आणि पॅनक्रियाज करायचं आहे, म्हणजे आपण शून्यातून सुरू करत नाही.

ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वेगवेगळं वाचू नका, हृदयाचे कप्पे ज्या दिवशी वाचले त्याच दिवशी रक्त कुठून कुठं जातं ते पण. आकृती रोज एक, पेन्सिलनं, न बघता, मग पुस्तक उघडून चुका लाल पेननं. पेपरात दोन सेक्शन असतात, ३७ आणि ३८ मार्कांचे, त्यामुळे एकाच सेक्शनवर दीड तासाच्या वर बसायचं नाही. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी सोपं वाटतं आणि तिथंच केट्या लागतात (विषय राहतात), कारण सगळे शेवटच्या चार दिवसांसाठी ठेवतात. व्याख्या नीट पाठ करा आणि उदाहरण दवाखान्यातलं द्या, बस.

लॅबमध्ये लाजू नका. डमीला काय वाटणार आहे! बेडमेकिंगचा कोपरा पन्नास वेळा करा, मॅडम नसतील तेव्हा पण करा. बीपीचं मी डिटेलमध्ये सांगते कारण पहिल्या महिन्यात सगळ्यांची तिथंच फजिती होते. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, हात हृदयाच्या लेव्हलला, बाही वर, कफ कोपराच्या खळगीच्या दोन-अडीच सेंटीमीटर वर. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी जिथं लागेनाशी होते त्याच्यापेक्षा अजून ३० वर न्या, मग स्टेथो लावून हळूहळू सोडा, सेकंदाला दोन-तीन एमएम. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. मला दोन आठवडे काहीच ऐकू येत नव्हतं, मी सरळ शेजारणीचा आकडा लिहायचे, शेवटी मॅडमनी पकडलं आणि बघितलं तर मी स्टेथोस्कोप उलटा घालत होते. कानात घालायची टोकं पुढच्या बाजूला, नाकाकडे वळलेली पाहिजेत! एवढंच होतं. आणि आकडा मनानं लिहायचा नाही, कधीच नाही, ऐकू आलं नाही तर "मॅडम ऐकू आलं नाही" म्हणा, ओरडा खा, पण खोटं लिहू नका, त्या आकड्यावर कुणाचंतरी औषध ठरतं. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, नाडी धरल्याचं नाटक चालू ठेवून छातीकडे बघायचं, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. फर्स्ट एडमधलं सीपीआर पण हातानं करून बघा, ३० दाब २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, दोन मिनिटांत कळेल किती दम लागतो ते.

क्लिनिकलच्या पहिल्या दिवशी नाष्टा करूनच जा. मी चहा-बिस्किटावर गेले होते, डायबेटिक फूटचं ड्रेसिंग उघडलं, वास आला, आणि पुढचं मला स्टुलावर बसवलेलं आठवतंय. असं होतं, यावरून मला हे जमणारच नाही असं ठरवू नका, चक्कर येतेय वाटलं की ट्रे खाली ठेवून भिंतीला टेकून खाली बसा, पेशंटच्या अंगावर पडू नका म्हणजे झालं. नखं कापलेली, केस नेटमध्ये, घड्याळ सेकंद काट्याचं. वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी नीट बोला, कापूस कुठं, बेडपॅन कुठं, कुठल्या सिस्टर कधी चिडतात, सगळं त्यांनाच माहिती असतं. पेशंटला "बेड नंबर सात" म्हणू नका, आजी म्हणा, काका म्हणा. स्पंज बाथ द्यायच्या आधी पडदा ओढा. आणि मुलांनो, तुम्हाला ब्रदर म्हणतील, काही बाया तुमच्याकडून करून घ्यायला नाही म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका, सोबत सिस्टरला घेऊन जा.

हजेरी थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के पाहिजेच, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, आणि डिग्री मिळेपर्यंत प्रॅक्टिकलची १०० टक्के भरून द्यावी लागते, म्हणजे आज मारलेली दांडी सुट्टीत येऊन फेडायची. असाईनमेंट, केअर प्लॅन, रेकॉर्ड बुक, हे ज्या दिवशी काम केलं त्याच रात्री लिहा. मी एकदा पंधरा दिवसांचं साठवलं आणि एका रात्रीत लिहिलं, नंतर वाचलं तर एका आजोबांना मी डिलिव्हरी वॉर्डात ॲडमिट केलं होतं.

सेम संपलं म्हणून फाउंडेशनच्या नोट्स आणि प्रोसिजर बुक कपाटावर टाकू नका, ज्युनियरला देऊन तर मुळीच टाकू नका. सेकंड सेमला फाउंडेशनचा पेपर आणि प्रॅक्टिकल लागतं तेव्हा तीच लागते, आणि तेव्हा अर्धं हॉस्टेल एकाच मुलीच्या बुकचे झेरॉक्स काढायला रात्री दहा वाजता गेटवर सिक्युरिटी काकांच्या हातापाया पडत असतं.