डिसेक्शन हॉलमधला पहिला तास

मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं मृतदेहाचं विच्छेदन शिकायला डिसेक्शन हॉलमध्ये आली की मी एक तास नाझी काळातल्या अ‍ॅनाटॉमिस्टांवर, म्हणजे शरीररचनेच्या प्राध्यापकांवर, घेते. नाशिकच्या आमच्या कॉलेजात यंदापासून नवे ट्यूटरही हा तास घेणार आहेत. हे त्यांच्यासाठी.

ऑशवित्झच्या छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले, त्याच्यापासून सुरुवात करू नका. त्याचं नाव काढलं की मुलं त्याला राक्षस ठरवतात आणि मोकळी होतात. सुरुवात पुस्तकापासून, शरीराच्या चित्रांच्या एका अ‍ॅटलसपासून करा. एडवार्ड पेर्नकॉफ हा व्हिएन्नातला शरीररचनेचा प्राध्यापक. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, हा मेडिकल फॅकल्टीचा डीन झाला, आणि १९७ शिक्षकांपैकी १५३ जणांना घरी बसवण्यात आलं. त्याच्या अ‍ॅटलसमधली चित्रं विलक्षण सुंदर आहेत. एरिख लेपियर हा चित्रकार सहीत नाझींचं स्वस्तिक काढायचा. (आपल्या उंबऱ्यावरचं नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा.) पुढच्या आवृत्त्यांतून त्या खुणा पुसल्या गेल्या, चित्रं तीच राहिली. १९९८ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची चौकशी पूर्ण झाली तेव्हा कळलं, की पेर्नकॉफच्या शरीररचना संस्थेत मृत्युदंड दिलेल्यांचे किमान १,३७७ देह आले होते, आणि त्यांतले काही या चित्रांमागे असू शकतात.

मी एम.डी. करताना माझ्या गाईडने याच अ‍ॅटलसमधल्या ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, चित्राची झेरॉक्स दिली होती. होस्टेलच्या भिंतीवर चिकटवून मी ती पाठ केली, पुढे अकरा वर्षं तीच दाखवून शिकवलं. कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आधी मी चित्र दाखवून, मुलांकडून वाहवा घेऊन, मग खरं सांगत असे. सुरगाण्याची एक मुलगी तास संपल्यावर म्हणाली, "मॅडम, आधी सांगायला हवं होतं. मी त्या माणसाकडे बघून छान म्हटलं." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून आधी हकिकत, मग चित्र. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ हेरमान श्टीव्हला द्या. बर्लिनचा नावाजलेला अ‍ॅनाटॉमिस्ट. मृत्यूच्या धास्तीने बाईच्या पाळीवर काय परिणाम होतो, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. प्लोट्झेनझे तुरुंगात मारलेल्या बायकांचे देह त्याच्याकडे यायचे. त्याने स्वतः दिलेल्या यादीत १८२ नावं आहेत. त्यांत नाझींना विरोध करणारी लिबेर्तास शुल्त्झे-बॉयझन होती. वय २९. देह आईकडे द्यावा, असं तिने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. तो श्टीव्हच्या टेबलावर गेला. त्याची सहायक डॉक्टर शार्लोट पॉमर हिने २२ डिसेंबर १९४२ रोजी तिथे तिला ओळखलं आणि ती नोकरी सोडून गेली. इथे थांबा. घाई करू नका. बाकीचे कामावर राहिले, एवढंच वाक्य बोला.

२०१९ च्या मे महिन्यात श्टीव्हच्या संग्रहातल्या सुमारे ३०० स्लाइड, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे देहांचे बारीक तुकडे, बर्लिनच्या दफनभूमीत पुरल्या. पंचवटीत वाढलेल्या मुलांना याचा अर्थ समजावावा लागत नाही. लांबलांबून अस्थी घेऊन रामकुंडावर आलेली माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असतात.

नाझी डॉक्टरांवरचा न्यूरेंबर्गचा खटला थोडक्यात उरका: २३ आरोपी, त्यांतले २० डॉक्टर, आणि १९४७ च्या निकालात संशोधनाचे दहा नियम, पहिलाच संमतीचा. पण श्टीव्ह त्या पिंजऱ्यात नव्हता, हे विसरू नका. १९५२ मध्ये मरेपर्यंत तो प्राध्यापकच होता. मेंगेलेचा गुरू फेरश्युअर याला ६०० मार्क दंड झाला, आणि १९५१ मध्ये तो म्युन्स्टरला प्राध्यापक झाला.

शेवटची वीस मिनिटं आपल्या रजिस्टरसाठी राखा. प्रत्येक बॅचला आपल्या टेबलावरच्या देहाची नोंद स्वतः वाचू द्या. कुठे देहदानाचा फॉर्म असेल, त्यावर आजोबांची थरथरती सही. कुठे 'बेवारस' असेल, आणि संमतीच्या जागी नुसती रेघ. १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याने बेवारस देह कॉलेजला मिळतो. हे बर्लिनसारखं नाही, तसं भासवूही नका. पण मागे एका मुलाने विचारलं, "यांना कोणी विचारलं होतं का?" मी "नाही" म्हटलं. तुम्हीही तेवढंच म्हणा.

त्या दिवशी ब्लेड कपाटातच राहू द्या. डिसेक्शन दुसऱ्या दिवशी सुरू करा.