टपालाने पाठवलेली प्रश्नावली परत येत नाही? या चुका टाळा

आमच्या वाचनालयाने सभासदांना टपालाने प्रश्नावली पाठवली होती. सोबत परतीचं पाकीट होतं, पण कोरं. खाली ओळ छापलेली : 'कृपया तिकीट लावून पाठवावे.' महिन्याभराने एक काका वर्गणी भरायला आले आणि पिशवीतून भरलेला फॉर्म काढून म्हणाले, "तिकीट आणायचं राहूनच गेलं हो." उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिलेली. सगळं अडलं होतं एका तिकिटावर.

तेव्हा परतीच्या पाकिटावर आपला पत्ता छापा आणि तिकीटही तुम्हीच लावा. पाकिटं हजारोंनी जाणार असतील तर टपाल खात्याकडून बिझनेस रिप्लायचा, म्हणजे तिकीट न लावता परत येणाऱ्या पाकिटांचा, परवाना घेता येतो; जेवढी परत येतील तेवढ्यांचेच पैसे पडतात. तरी जमलं तर खरं तिकीटच बरं. लावलेलं तिकीट कचऱ्यात टाकायला हात धजत नाही.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी : एकदा पाठवून गप्प बसणं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॉन डिलमन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा कणाच पाठपुरावा आहे. प्रश्नावली गेल्यावर आठवड्याने सगळ्यांना एक कार्ड : पाठवली असेल तर आभार, नसेल तर आठवण. आणखी दोन आठवड्यांनी उत्तर न आलेल्यांना नवं पत्र आणि फॉर्म पुन्हा. पहिला तोवर रद्दीत गेलेला असतो. कोणाचं आलं हे कळायला फॉर्मवर क्रमांक लागतो. तो कशासाठी आहे हे पत्रात सरळ सांगा. लपवलेला क्रमांक लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

'उत्तरं कमी येतात ना, मग जास्त पाठवू' हा हिशेबही फसवा. १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने लोकांचा कल जाणून घ्यायला सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्त्यांची यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांकडे झुकलेली होतीच, शिवाय उत्तर देणारे आणि न देणारे यांचा कलही वेगळा होता.

फॉर्मची सुरुवात वय, उत्पन्न, जातीने करू नका, ते शेवटी. पहिला प्रश्न सोपा आणि थेट विषयाचा हवा. बक्षिसाच्या सोडतीचं आमिष दाखवण्यापेक्षा पत्रासोबतच छोटीशी भेट द्या, मग ती साधी पेन्सिल का असेना.

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता विसरलात, तर न पोचलेली पाकिटं तुमच्याकडे परत यायची नाहीत आणि उत्तरांची टक्केवारी चुकेल. समजा २०० पाठवली, २० पत्ता न सापडून परत आली आणि ९० उत्तरं मिळाली. मग भागायचं १८० ने : ५० टक्के. आणि ती २० नावं पुढच्या खेपेआधी यादीतून काढा, नाहीतर आठवणीची कार्डंही त्याच बंद दारांवर जातील.