फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन नंतर घ्या, आधी हीट नंबर सांभाळा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधले ओळखीचे कारखानदार हल्ली मला एकच विचारतात: गाड्यांचे पार्ट करतोय, विमानांचं काम कसं मिळवायचं? माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली, तेव्हा उत्तरही तिथूनच देते. कर्ज काढून फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन, म्हणजे पाच अक्षांवर हलून धातू कापणारी मशीन, आणायची घाई करू नका. साध्या व्हीएमसीवर (उभ्या मशीनिंग सेंटरवर) होणारे ब्रॅकेट, क्लिपा, स्पेसर विमानात ढिगाने लागतात.

काम आहे, याबद्दल शंका नको. ओझरला एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कंपनीचा, कारखाना 1964 पासून आहे. मिग आणि सुखोई बनवलेल्या त्या कारखान्यातून ऑक्टोबर 2025 मध्ये पहिलं तेजस मार्क-1ए उडालं, तेव्हा आम्हा नाशिककरांची छाती फुगली. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग 787 चे फ्लोअर बीम बनतात, बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या एक्वस कंपनीचं औद्योगिक क्षेत्र उभं आहे, आणि वडोदऱ्यात हवाई दलाच्या 56 पैकी 40 सी-295 मालवाहू विमानांची बांधणी व्हायची आहे. बोइंग आणि एअरबस दोघेही भारतातून वर्षाला प्रत्येकी एक अब्ज डॉलरहून जास्त खरेदी करतात. पण त्यांच्या दारात थेट जाऊ नका. त्यांना असेंब्ली पुरवणाऱ्या कंपन्या छोटी मशीनिंगची कामं बाहेर देतात, तिथे अर्ज करा.

त्या कंपन्या सगळ्यात आधी एएस 9100, म्हणजे विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट, विचारतील. आयएसओ 9001 नीट पाळत असाल तर पाया तयार आहे; त्यावर बनावट मालापासून बचाव, सुटी बर (कापताना कडेला राहणारा धातूचा कण) किंवा हरवलेला स्क्रू जॉबमध्ये, म्हणजे बनवलेल्या पार्टमध्ये, न राहणं, ड्रॉइंगच्या प्रत्येक रिव्हिजनचा हिशेब, अशा अटी चढतात. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी ऑडिट होतं. तयार फाइल विकणारे सल्लागार भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ऑडिटर सरळ मशीनपाशी जाऊन ऑपरेटरला विचारतो.

आणि तो विचारतो ते मटेरियलबद्दल. 7075 अ‍ॅल्युमिनियमचा बार आला की टीसीवरचा (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा) हीट नंबर, म्हणजे धातू ज्या वितळणीतून आला तिचा नंबर, आणि बारवरचा नंबर जुळवा, मगच रॅकवर ठेवा. बार कापताना नंबर असलेलं टोक शेवटपर्यंत राखा. ते जमणार नसेल तर ब्लेड लावण्याआधी उरणाऱ्या तुकड्यावर तोच नंबर उतरवा. कापल्यावर लिहू म्हटलं की जेवणाची सुट्टी होते, शिफ्ट बदलते आणि दोन बिननावाचे तुकडे शेजारी पडलेले असतात. 6061 आणि 7075 डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ताकदीत फार फरक आहे. नंबर गेलेला तुकडा त्याच दिवशी लाल पेटीत, म्हणजे बाद मालात, टाका, कितीही महाग असो.

दुसरी परीक्षा फर्स्ट आर्टिकलची, म्हणजे पहिल्या बनलेल्या जॉबच्या पूर्ण तपासणीची; तिचे नियम एएस 9102 मध्ये आहेत. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि प्रत्येक टिपेलाही गोलात क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येकासमोर प्रत्यक्ष निकाल लिहायचा. लोक सीएमएमचा (मापं घेणाऱ्या मशीनचा) सुरेख रिपोर्ट जोडतात आणि ‘धारदार कडा 0.2 ते 0.4 मिमी मोडा’ ही कोपऱ्यातली टीप सोडतात. ती कशावर मोजणार, हे दराचं कोटेशन देण्याआधीच ठरवा. प्रोफाइल प्रोजेक्टर, म्हणजे जॉबची सावली मोठी करून मोजायचं यंत्र, लागेल. पुढे मशीन, जागा किंवा पद्धत बदलली तर त्या बदलापुरतं फर्स्ट आर्टिकल पुन्हा करावं लागतं. उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं तरीही.

अ‍ॅनोडायझिंग, हीट ट्रीटमेंट यांसाठी गल्लीतला ओळखीचा माणूस चालत नाही. ग्राहकाने मंजूर केलेल्या, बहुतेकदा नॅडकॅप (अशा खास प्रक्रियांसाठीची विमान उद्योगाची मान्यता) असलेल्या ठिकाणीच जॉब पाठवा. जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवस दरात धरा.

एक इन्स्पेक्टर असा ठेवा की जो प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली नसेल आणि थेट मालकाला सांगू शकेल. जॉब मापाबाहेर गेला तर गुपचूप रिवर्क करायचा नाही, ग्राहकाला लेखी कळवून त्याच्या निर्णयाची वाट पाहायची.

दर काढताना फर्स्ट आर्टिकलचे तास वेगळे मांडा. मटेरियल ग्राहक देणार की तुम्ही आणायचं, हे लेखी घ्या. वीस जॉबांसाठी व्यापारी अख्खी प्लेट गळ्यात मारतो, आणि उरलेल्या प्लेटचे पैसे कोणाचे, हा वाद ऑर्डर आल्यावर मिटत नाही.