अपघाती मृत्यूची फिर्याद देताना

भरधाव वाहनाच्या धडकेत घरातले माणूस गेले की कोणते कलम लागले याची विचारपूस सुरू होते. परंतु ते कलम टिकणार कशावर, हे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरून गेलेले असते.

1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1) लागते. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, मात्र गुन्हा जामीनपात्र आहे. त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे 304-अ, म्हणजे कमाल दोन वर्षे. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांची तरतूद करणारे 106(2) हे पोटकलम संहिता लागू करताना वगळले गेले, तेव्हा त्याचा आग्रह धरून उपयोग नाही.

फिर्याद लिहिताना ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ हे ठरीव वाक्य येतेच. ते येऊ द्यावे, पण तेवढ्यावर सही करू नये. नुसता ‘भरधाव वेग’ म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितले आहे. म्हणून सिग्नल लाल होता का, वाहन विरुद्ध बाजूने आले का, मृत व्यक्ती रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर होती, ब्रेकच्या खुणा उमटल्या होत्या का, हे साक्षीदाराने जसे पाहिले तसे नोंदवून घ्यावे. घटनास्थळ पंचनाम्यातील नकाशा त्याच्याशी जुळतो का, हेही पाहावे. फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.

चालक प्यायलेला असेल, तर कलम 105, म्हणजे सदोष मनुष्यवध, लागू शकते; मात्र आपल्या कृत्याने जीव जाण्याचा संभव आहे याची त्याला जाणीव होती, हे पुराव्यातून दिसावे लागते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये मोटारीखाली सात जण मेले, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने 304-अ खाली सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे रक्ततपासणीचा अहवाल मोलाचा ठरला. रक्त उशिरा घेतले तर अल्कोहोल उतरलेले असते. म्हणून नमुना कधी घेतला, हे तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी विचारावे. त्याच अर्जात आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण जप्त करण्याची मागणी करावी, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत राहते, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.