डिस्नी वर्ल्डमध्ये हनिमूनचे फोटो काढून घेताय? या चुका टाळा

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये फोटो वाईट आले, अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. तक्रार असते ती 'फोटो गेले कुठे?' अशी. तिथले फोटोपासचे, म्हणजे डिस्नीच्या स्वतःच्या फोटोसेवेचे, फोटोग्राफर मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम या चारही पार्कांत ठरलेल्या जागी उभे असतात. फोटो काढायचे ते पैसे घेत नाहीत, फोटो तुमच्या फोनवरच्या डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये जातो. पैसे पडतात ते डाउनलोड करायला. सगळा घोळ होतो तो बटण दाबल्यानंतर आणि फोटो आपल्या हातात पडायच्या आधी.

पॅकेज आदल्या रात्री घेणं

'मेमरी मेकर' या पॅकेजमध्ये काढलेले सगळे फोटो डाउनलोड करता येतात. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास, आधी घेतलं तर थोडी कमी. पण त्या स्वस्तातल्या पॅकेजला एक अट आहे, आणि तिथेच बरेच जण फसतात: खरेदीनंतरच्या पहिल्या ३ दिवसांत काढलेले फोटो त्यात धरत नाहीत. हॉटेलच्या खोलीत बसून रात्री पैसे भरले आणि सकाळी पार्क गाठलं, तर त्या दिवसाच्या फोटोंचे वेगळे पैसे मोजावे लागतात. हनिमूनवाल्यांचे तर हेच दिवस खरे. कपड्यांची इस्त्री मोडलेली नसते, मेंदी ताजी असते आणि पाय अजून बोलायला लागलेले नसतात.

म्हणून भारतातून किंवा आपल्या गावातून निघण्याआधीच ते घेऊन टाका. राहूनच गेलं, तर पूर्ण किमतीचं घ्या. ते लगेच लागू होतं. एकच दिवस जाणार असाल तर अ‍ॅपमध्ये एका दिवसाचा पर्याय दिसतो का बघा. आणि दोन-चारच फोटो हवे असतील तर माझ्या मते पॅकेजच्या नादी लागू नये. फोटोग्राफरच्या हातात आपला फोन द्या. तो हसत काढून देतो, फुकट.

दोघांची दोन खाती

फोटो काढून झाला की फोटोग्राफर तुमचा मॅजिकबँड (डिस्नीचा मनगटावरचा पट्टा), तिकिटाचं कार्ड किंवा अ‍ॅपमधला कोड स्कॅन करतो. सकाळी नवऱ्याचा बँड पुढे होतो, संध्याकाळी बायकोचा. खाती एकमेकांना जोडलेली नसतील तर अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे. आपल्याकडे त्यात आणखी एक भर: तिकिटं न्यू जर्सीच्या मामेभावाने स्वतःच्या खात्यातून काढलेली असतात. मग फोटोही मामेभावाच्या फोनवर जाऊन पडतात. हनिमूनचे फोटो सगळ्यात आधी त्याने बघावेत, अशी कुणाची इच्छा नसावी.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी दोघांनी आपापलं खातं उघडायचं, 'फॅमिली अँड फ्रेंड्स'मध्ये एकमेकांना जोडायचं, तिकिटं त्या खात्यांत घ्यायची आणि पार्कात शक्यतो एकाचाच बँड पुढे करायचा.

एवढं करूनही फोटो दिसत नसेल तर लगेच घाबरू नका, कधीकधी यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशीही आला नाही तर फोटोपासच्या मदत विभागाला कळवा. ते तारीख, वेळ, जागा आणि अंगावरचे कपडे विचारतात. म्हणून फोटोग्राफरकडून निघताना त्या जागेचा एक फोटो आपल्या फोनवर काढून ठेवा. वेळ आपोआप नोंदली जाते. कपड्यांचं म्हणाल तर 'लाल पैठणी, हिरव्या बांगड्या' ही खूण तिथल्या टी-शर्टांच्या गर्दीत चुकायची नाही.

राइडवरच्या फोटोंची तऱ्हा वेगळी. हातात मॅजिकबँड असेल तर काही राइडचे फोटो आपोआप खात्यात येतात. बँड नसेल तर बाहेर पडताना पडद्यावर आपला फोटो शोधावा लागतो आणि शेजारच्या यंत्राला कार्ड टेकवावं लागतं.

'सावकाश डाउनलोड करू'

फोटो काढल्यापासून ४५ दिवसांनी अ‍ॅपमधून जातो. लग्न भारतात, हनिमून फ्लोरिडात, मग नवं घर, नोकरी, व्हिसाची कागदपत्रं. या गडबडीत दीड महिना कधी सरतो, कळत नाही. रोज रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. स्क्रीनशॉटवर भागवू नका, आणि आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर छापायच्या वेळी फोटो फाटतो.

भर दुपारी किल्ल्यासमोर

मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे आणि त्याचं तोंड दक्षिणेला. किल्ला पाठीशी घेऊन उभं राहिलं की आपलं तोंडही दक्षिणेला, म्हणजे दुपारी उन्हात डोळे बारीक. उन्हाळ्यात तर सूर्य डोक्यावर येतो आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास किंवा सूर्यास्ताच्या आधीची वेळ धरा. गर्दी नकोशी झाली तर किल्ल्याच्या बाजूला, टुमॉरोलँड या भागाकडे जाताना लागणाऱ्या विहिरीपाशी जा.

जून ते सप्टेंबर दुपारी वळवासारखा पाऊस कोसळतो, तेव्हा साडीचे फोटो सकाळीच उरका. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर दमट हवेने फोनच्या लेन्सवर वाफ धरते. पदराने पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटांत ती आपोआप जाते.

न मागणं

पार्कातल्या गेस्ट रिलेशन्स या मदत कक्षात हनिमूनचा बिल्ला फुकट मिळतो. तो लावला की फोटोग्राफर स्वतःच अंगठ्यांचे, हातांचे फोटो सुचवतात. 'मॅजिक शॉट आहे का?' असं विचारा. तळहात पुढे धरायला सांगतात. तेव्हा हातात काहीच नसतं, नंतर फोटोत तिथे टिंकर बेल उभी असते. मेंदीच्या तळव्यावर ती इतकी शोभते की हा एक फोटो चुकवू नयेच.

बाहेरचा फोटोग्राफर आणि लोळणारा घागरा

आपल्या प्री-वेडिंग शूटसारखी माणसं घेऊन आत शिरता येत नाही; परवानगीशिवाय व्यावसायिक चित्रीकरण चालत नाही. सेल्फी स्टिकवर २०१५ पासून बंदी आहे. जमिनीवर लोळणारे कपडे पाय अडकतील म्हणून नाकारले जातात, म्हणून घागरा घोट्यापर्यंतच ठेवा. १४ वर्षं आणि त्यापुढच्यांना राजकन्येच्या वेशातही जाता येत नाही. पार्क उघडण्याआधी, रिकाम्या वाटेवर फोटो हवे असतील तर डिस्नीच्याच फाइन आर्ट फोटोग्राफी विभागाकडे आधी नोंदवावं लागतं. ते महाग आहे.

त्याच्या जवळपास जाणारा फुकटचा मार्ग असा: आतषबाजी संपली की लोक बसकडे धावतात, तेव्हा तुम्ही धावू नका. दारापासून किल्ल्याकडे जाणारी मेन स्ट्रीट पार्क बंद झाल्यावरही बराच वेळ उघडी असते आणि बस, मोनोरेलही चालू असतात. आइस्क्रीम खात थांबा. गर्दी ओसरल्यावरही फोटोग्राफर दिसला, तर किल्ल्यासमोर फक्त तुम्हा दोघांचा फोटो तेव्हाच मिळतो.