शंखजिऱ्याची मुद्रा कोरायची तर

कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात बसून मी ३१ वर्षं चांदीकामाचे ठसे कोरतोय. पोलादात सगळं उलटं आणि खोल कोरायचं, मग पत्र्यावर ते सुलटं आणि उठावाचं उमटतं. भाचीनं एकदा मोबाइलवर इराकमधल्या हजारो वर्षं जुन्या, गोल दांड्यासारख्या मुद्रेचा फोटो दाखवला. बोटाच्या पेराएवढा दगड, शेजारी मातीवर उठलेली माणसं. म्हटलं, अगं, हे आमच्याच धंद्यातलं! फरक एवढाच, की आमचा ठसा ठोकतात आणि ही लाटण्यासारखी फिरवतात.

तेव्हापासून सहा कोरल्या. त्यातल्या दोन फुकट गेल्या, त्या कशा तेही सांगतो.

दगड शंखजिऱ्याचा घ्या. आग्र्याकडून जे कोरीव हत्ती आणि उदबत्तीची घरं विकायला येतात ना, तोच. फुटका हत्ती मिळाला तर उत्तम. नखानं ओरखडा उठला की दगड बरोबर. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण पाट्या-वरवंट्याला, इथं त्याच्या नादी लागू नका. तिकडं इराकात तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या खालच्या खोऱ्यात नुसता गाळ, चांगला दगड बाहेरून आणावा लागे. तिथल्या उर या प्राचीन शहरात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीनं १९२२ ते १९३४ खोदकाम केलं, त्यात पुआबी राणीची मुद्रा सापडली ती निळ्या लाजवर्दाची. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. पुढं बाबिलोनी कारागीर हेमटाइट कोरायला लागले. लोखंडाचाच खनिज दगड, वर काळा पण उगाळला की लाल. माझ्या कोरणीनं तो होणार नाही, हे मी आधीच कबूल करतो.

३० मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड असा गोल दांडा कानशीनं घडवा. घासताना दगड सतत ओला ठेवा, तोंडाला मास्क लावा. ती पूड छातीत जाऊ द्यायची नाही.

भोक आधी, नक्षी नंतर. माझी पहिली मुद्रा इथंच गेली. तीन दिवस कोरून मग सामता, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, लावला, तोही एकाच टोकानं, आणि टोक बाहेर पडलं ते बरोबर बोकडाच्या पोटातून. दोन्ही टोकांना मध्यावर खूण करा, अर्धं इकडून, अर्धं तिकडून पाडा. जुन्या मुद्रांमध्येही दोन्हीकडून पाडलेली भोकं मध्ये जरा चुकून भेटलेली दिसतात. ते बघून मला फार बरं वाटलं.

आता पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा आणि मगच माप घ्या. १२ चा दांडा म्हणजे घेर साधारण ३८ मिलिमीटर, पण हिशोबावर जाऊ नका. घासताना दांडा बारीक होतो. बटर पेपरची पट्टी प्रत्यक्ष गुंडाळा आणि जिथं कडा भिडतात तिथं कापा. दुसरी मुद्रा मी या मापात घालवली. शेवटच्या बैलाला शेपूट टेकवायला जागाच उरली नाही. चित्राला सुरुवात-शेवट नसतो, उजवीकडून बाहेर पडलेली शिंगं डावीकडून आत यायला हवीत.

मऊ पेन्सिलीनं चित्र सुलटं काढा, पट्टीची चित्राची बाजू दगडावर ठेवून चमच्याच्या पाठीनं घासा. दगडावर आपोआप उलटं उतरतं. अक्षरं असतील तर आरशात धरून वाचा.

कोरताना डोळा दगडावर ठेवाल तर फसाल. जे खोल जाईल ते मातीत पुढं येणार. म्हणून पोट आणि मांडी आधी खोल, वाटीसारखी घ्या, नंतर पाय, सगळ्यात शेवटी केस आणि दागिने. खोली पाऊण मिलिमीटर पुरे. खड्ड्याच्या भिंती बाहेर उतरत्या हव्यात, आत खाल्ल्या तर माती अडकून चित्र फाटतं. डोळ्यासाठी बारीक गिरमिट एकदाच टेकवा. आणि दर दहा मिनिटांनी ठसा काढून बघा, पोलादाच्या ठशालाही मी शिशावर तेच करतो.

कणकेवर ठसा काढू नका, ती परत फुगते. कुंभारांच्या बापट कॅम्पातून मूठभर शाडू आणा, मळून तासभर झाकून ठेवा, बोटाला चिकटेनाशी झाली की थापा. मुद्रेला तेलाचं बोट लावा. तळहातानं एकाच दिशेनं, एकसारख्या दाबानं फिरवा. मध्ये थांबलात की तिथं रेघ पडते.

नाव कोरायचं असेल तर काम काय करता तेही कोरा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे, त्यावर लिहिलंय ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या’. मेलुहा म्हणजे आपलं सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची बोली तिकडं समजावून सांगणारा माणूस होता!

ही मुद्रा नुसती कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. तिकडं रांजणाच्या तोंडावरच्या दोरीला माती थापून त्यावर ती फिरवत. माती फोडल्याशिवाय दोरी सुटत नसे. आमच्या घरी मी ती कांदा-लसूण चटणीच्या बरणीवर करून बघितली. गोळा सावलीत वाळवा, उन्हात तडकतो. आमचा तडकला होता, त्यामुळे चटणी कोणी खाल्ली ते अजून ठरायचंय.